दोन क्रेडिटचा चिखल

मुलींचं वसतिगृह, कृषी महाविद्यालय
१२ जून २०२५

ती. मोठेबाबांना गुंजनचा वाकून नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाले अर्धंच ऐकू येते, म्हणून लिहून राहिली. आमच्या पदवीचा अभ्यासक्रम नव्यानं आखून राहिले. समितीत एक शेतकरी पाहिजे होता. धम्मदीप सरांनी वर्गात विचारलं अन् मी तुमचं नाव सांगून बसली. पुढच्या शुक्रवारी बैठक आहे. एकच विनंती. तिथं सारे डॉक्टर असतील, पण ते माणसांचे नाहीत अन् ढोरांचेही नाहीत. गुडघा दाखवू नका. विचारतील तेवढंच बोला. माझं शेवटचं वर्ष आहे.

लोभ आहेच, तो बैठकीनंतरही राहू द्या.

तुमची गुंजन


एकोडी
२२ जून

चि. गुंजनले पोटभर आशीर्वाद.

बैठक झकास झाली. खुर्ची फिरती होती, पहिले चार चक्कर त्यातच गेले. मंग वाद लागला, धानाच्या रोवणीचा चिखल एक क्रेडिटचा ठेवाचा का दोनचा. दीड घंटा! बाजूच्या मॅडमले विचारलं का क्रेडिट म्हणजे का व. त्या म्हणाल्या, एक क्रेडिट म्हणजे हप्त्यातून दोन घंटे शेतात. मी म्हटलं, तेवढ्यात तर आमच्या ललिताबाईचा पदर खोचून होते.

तुझं ध्यानात ठेवून मी चूपच होतो. पण त्याईनंच विचारलं. मंग सांगतलं, चिखलाची परीक्षा कागदावर कायले घेता? पोरायले धानाच्या शेतात एका बांधीत रोवाले लावा, गुण रोवणारी बाई देईन. अन् मास्तरनंही धानाचे पऱ्हे, रोपंच म्हणा ना, हाती घ्यावे, नाईतर पोरं हासतीन. तुझ्या सरानं टाळ्याच वाजवल्या. यंदा करूनच पाहू म्हणे. बांधी आपली ठरली, परीक्षक आमची ललिताबाई, म्हणजे तुझी मोठी आई.

आता तू पास झालीच समज.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुझ्या बापाचा मोठा भाऊ, परसराम


वसतिगृह
२१ जुलै

ती. मोठ्या आईला नमस्कार, पण रुसून.

बावन्न जणांत तू मले एकटीलेच नापास केलं! धम्मदीप सर पाय ठेवताच बांधीत आडवे झाले. चौघांनी ओढलं तेव्हा ते निघाले, जोडा आतच राहिला. त्यांना दहापैकी नऊ, अन् मले तीन? माझी मैत्रीण रिता म्हणते, घरची परीक्षक असून असे हाल कोणाचे झाले नाहीत. काहून केलं असं, तेवढं सांग.

राग उतरेपर्यंत तुझी,
गुंजन


एकोडी
२५ जुलै

चि. गुंजनले मोठ्या आईचा आशीर्वाद, रुसली असली तरी.

तुझे सर पडले, पण उठले, अन् मंग एकेक पऱ्हा मले विचारून लावला. तू मले डोळा मारला अन् पऱ्ह्याच्या तीन जुड्या तशाच चिखलात बुजवल्या. मले दिसते व.

तीस पावसाळे मी वाकून रोवते. कोणं विचारलं नाई का बाई, बरोबर का चूक. त्या दिवशी बावन्न लेकरं मले मॅडम म्हणून राहिले होते. हाती पेन आला, अन् पहिलाच गुण खोटा कसा लिहू?

सोमवारी पहिल्या गाडीनं ये, फेरपरीक्षा हाय. तुझे सर कालच येऊन गेले. म्हणे, नऊच काहून, दहा काहून नाई? त्याईलेही सोमवारी बोलावलं हाय. तू त्याईच्या बाजूनं रोवजो, त्याईची ओळ सरळ असते.

जीव लावतेच, पण गुण वेगळे.

ललिताबाई (परीक्षक)