पहिले तीन सेकंद

ता. ९ जानेवारी

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

तिसऱ्यांदा लिहितो, तो लांब स्क्रूड्रायव्हर मी चोरला नाही. चोर लपवतो. मी तुमच्या डोळ्यांदेखत पिशवीत घातला, तुम्ही माझ्यावर ओरडण्यात गुंतला होतात म्हणून दिसलं नाही. दर पत्रात माझी तब्येत एका ओळीत आणि स्क्रूड्रायव्हर पानभर, हा कुठला न्याय? त्याची सहा भावंडं तुमच्या भिंतीवर टांगलेली आहेत, त्यांच्यावर भागवा.

ज्या इंजिनाच्या बढाया मारतो ते आहे तरी केवढं, असं तुम्ही विचारलंत. चौदाशे सीसी, चार सिलिंडर, पेट्रोल. तुम्ही म्हणाल, हे तर शिलाई मशीन. पण ताकद एकशे चाळीस घोड्यांची, कारण त्याला टर्बो आहे. वाया जाणारा गरम धूर एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा आत कोंबतं. मिनिटाला दीड लाख फेऱ्या, बाबा! पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतं. कार्बोरेटर इथल्या पोरांनी पाहिलेलासुद्धा नाही.

खोडीही आहेत, झाकून ठेवत नाही. पेट्रोल व्हॉल्व्हवरून जातच नाही, त्यामुळे त्यांच्यावर काजळी धरते. ऑइल पितं. गाडी पळवून आणून लगेच बंद केली तर टर्बोतलं ऑइल करपतं. पाण्याचा पंप पाझरतो. आणि टायमिंगची चेन ढिली पडते. पण हुशार माणूस जरा नखरेल असायचाच, तुम्हाला मी ते सांगायला नको.

आता मुद्द्याचं. इथल्या सुईणबाईंची गाडी महिनाभर आजारी आहे. त्या घरोघर बाळंतपणं करतात, गाडी अडली तर बाळ थांबत नाही. आधीच्या दोन गॅरेजांनी प्लग बदलले, कॉम्प्युटर लावून त्याने दाखवलेली चूक पुसली, ती परत आली. आमचा मोठा मिस्त्री म्हणतो, टर्बो गेला, नवा घाला. बाईंची वर्षाची शिल्लक जाईल. मी सगळ्यांसमोर म्हणालो की टर्बो नाही, चेन आहे. मिस्त्रीने विचारलं, कशावरून. मी म्हणालो, वाटतं. मालकांनी आठ दिवस दिलेत. माझं खरं ठरलं तर इंजिनच्या टेबलावर कायम, नाहीतर गाड्या धुवायला. सहा महिने धुतल्यात, हाताची सालं निघालीत. परत त्या पाइपला हात लावणार नाही.

रागातून उरला असेल तेवढा लोभ असू द्या.

तुमचा,
भिंगरी


ता. १३ जानेवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दीड लाख फेऱ्या वाचून बरं वाटलं. तुझ्यापेक्षा जास्त भिरभिरणारी वस्तू जगात आहे.

सहा भावंडांवर भागत नाही. का ते विचारू नकोस. स्क्रूड्रायव्हर पाठव.

वाटतं म्हणून इंजिन उघडायचं नसतं. वाटण्याला पुरावा लागतो. सातवीत शाळा सोडलीस तेव्हाही तुला नुसतं वाटलंच होतं. मी टर्बो पाहिलेला नाही आणि कॉम्प्युटर मला ओळखत नाही. एकच विचारतो. सकाळी त्या गाडीला पहिली किल्ली कोण मारतं?

आपल्या गॅरेजात नियम काय होता? गाडी मुक्कामाला आली की तिला कुणी हात लावायचा नाही. पहिली किल्ली माझी. थंड इंजिन खोटं बोलत नाही. गरम झालं की पाहुण्यासारखं शहाणं वागतं. तू या नियमाला हसायचास. दहाला उठणाऱ्याला पहाटेचं काय कळणार?

स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर धर, पण मूठ कानाला लावू नकोस. कानामागच्या हाडाला टेकव आणि डोळे मीट.

पान्हे पुसून ठेवत जा. जेवत जा. ताई आठवण काढते. मी काढत नाही.

तुझा बाप


ता. २१ जानेवारी

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी अंगणात गेलो आणि कपाळावर हात मारला. आमचा झाडूवाला सात वाजता येतो, अंगण झाडायला जागा हवी म्हणून सगळ्या गाड्या चालू करून शेडमध्ये लावतो. आम्ही येतो नऊला. म्हणजे गाडी आमच्याकडे आल्यापासून तिचं खरं दुखणं रोज एकट्या झाडूवाल्याने ऐकलं होतं, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं! मी विचारलं. तो म्हणाला, हो की, सुरू होताना डब्यात खडे हलवल्यासारखी वाजते, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.

दुसऱ्या दिवशी मी साडेसहाला हजर. हसू नका. झाडूवाल्याला किल्लीवर बसवलं, आधी मूठ हाडाला टेकवून टोक टर्बोवर धरलं. नुसती शीळ, स्वच्छ. चेनचं झाकण ऐकायला आणखी एक सकाळ थांबलो, कारण थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. त्या सकाळी डोळे मिटले, त्याने किल्ली फिरवली आणि बाबा, कुणीतरी माझ्या कवटीत साखळी ओढली! एक, दोन, तीन सेकंद. मग गप्प, जसं काही झालंच नाही.

मग सगळं लख्ख झालं. चेन ताणून धरणारा खुंट ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑइल खाली उतरतं, सकाळी दाब यायला तीन सेकंद लागतात, तेवढा वेळ सैल चेन फटके मारते. बाई दिवसातून दहादा गाडी बंद-चालू करणार, दर वेळी दोन गल्ल्या, ऑइल बदलणार कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेव्हा, म्हणजे फार उशिरा. चेन ताणली जाणार नाही तर काय होईल?

तिसऱ्या सकाळी मिस्त्रीला ऐकायला बोलावलं. तो म्हणाला, असल्या काठ्या वैदू वापरतात. पण वाकला. ऐकलं. मग स्वतःच झाकणाचे बोल्ट सोडायला लागला. जुनी चेन नव्या चेनशेजारी टांगली तर करंगळीच्या नखाएवढी जास्त लांब. खुंट पुरता बाहेर आलेला, प्लॅस्टिकची पट्टी कुरतडलेली. अजून एक दात सटकला असता तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनाचा चुराडा झाला असता. टर्बोचा दांडा बोटांनी हलवून पाहिला, तसूभर ढिला नाही. व्हॉल्व्हवरची काजळीही खरवडून काढली.

चेन, खुंट, पट्ट्या, ऑइल, सगळं मिळून टर्बोच्या चौथाई खर्चात गाडी उभी राहिली. मी काचेवर चिठ्ठी चिकटवली, ऑइल दर सात हजार किलोमीटरला, पुस्तक काहीही म्हणो. दुसऱ्याच दिवशी बाई त्या गाडीतून जाऊन जुळी सोडवून आल्या. म्हणाल्या, मुलांचं नाव तुझ्यावरून ठेवलं असतं, पण भिंगरी नाव कोण ठेवेल?

मालकांनी टेबल दिलं. मिस्त्रीने आपलं स्टूल सरकवून माझ्यासाठी जागा केली. आणि कशावरून ओळखलंस असं विचारल्यावर मी काय सांगितलं असेल? सांगितलं, आमच्याकडे पहिली किल्ली बाप मारतो.

स्क्रूड्रायव्हर आता तर मुळीच देत नाही. त्याच्यावर माझं पोट आहे.

एवढं ऐकून तरी आशीर्वाद जरा मोठ्या अक्षरात लिहा.

तुमचा,
भिंगरी


ता. २६ जानेवारी

चि. भिंगऱ्यास अ. आ.

बाबांना न विचारता लिहिते आहे, तेव्हा हे पत्र वाच आणि फाड.

तुझं पत्र आलं त्या दिवशी बाबांनी ते तीनदा वाचलं, मग खिशात घालून बाहेर पडले. न्हाव्याकडे वाचलं, टायरवाल्याकडे वाचलं. टायरवाला म्हणाला, पोरगं नशीबवान. बाबा म्हणाले, नशीब नव्हे, कान. घरी येऊन मला मात्र म्हणाले की पत्रात शुद्धलेखनाच्या बावीस चुका आहेत. मोजल्या होत्या.

आता ऐक. तीन वर्षांपूर्वी हवा भरताना ट्रकचं टायर फुटलं होतं ना, तेव्हा त्यांच्या दोन्ही कानांचे पडदे फाटले. आपल्याला त्यांनी सांगितलंच नाही. हाकेला ओ देत नाहीत म्हणून तू भांडायचास, मीही चिडायचे. जवळ जाऊन ओरडल्याशिवाय त्यांना ऐकूच येत नव्हतं रे. इंजिन मात्र ऐकायचे, तुझ्या त्या स्क्रूड्रायव्हरने, हाडातून. बाकीच्या सहांच्या मुठी प्लॅस्टिकच्या आणि आखूड. त्यांतून इंजिनाचं काही कळत नाही, बाबांनी वापरून पाहिल्या.

तू गेल्यापासून त्यांनी एकही इंजिन घेतलेलं नाही. पंक्चर काढतात. गिऱ्हाइकाला सांगतात, गर्दी आहे.

मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं तेव्हा हे कळलं. पडदे शिवता येतात म्हणाले. बाबा म्हणतात, खर्च कशाला, ऐकायचं ते काय, तुझी कटकट आणि भिंगऱ्याची बढाई. पण काल तुझ्या पत्रातली ती किल्लीची ओळ त्यांनी पेन्सिलीने अधोरेखित केलेली मी पाहिली.

रागावू नकोस, वेड्या. आपल्या दोघांनाही कळलं नव्हतं.

तुझी,
ताई


ता. १ फेब्रुवारी

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

ताईने मला काही कळवलेलं नाही. मला नुसतं वाटलं. वाटण्याला पुरावा लागतो म्हणाल, तर तुमच्या अलीकडच्या सगळ्या पत्रांत स्क्रूड्रायव्हर आहे आणि एकातही कुठल्या इंजिनाचा आवाज नाही, हा पुरावा.

स्क्रूड्रायव्हर वेगळ्या पार्सलने निघाला आहे, फडक्यात गुंडाळून, तेल लावून. सोबत सुईणबाईंच्या जुन्या चेनची एक कडी आहे, ती त्याच्याशेजारी खिळ्यावर टांगा. टायरवाला आला की दिसेल अशी.

माझी अडचण नाही. इथल्या लेथवाल्याकडून मी तसाच लांब, लाकडी मुठीचा बनवून घेतला. हुबेहूब झालाय. फक्त तुमच्या अंगठ्याने मुठीला पडलेला खड्डा त्याला जमला नाही. तो मला स्वतःच पाडावा लागेल. वीसएक वर्षं लागतील.

पार्सल पोचलं की गर्दी आहे म्हणून परत पाठवलेली गिऱ्हाइकं बोलवा. आणि डॉक्टरांची तारीख घ्या. पडदे शिवून झाले की मी रजा काढून येतो. पहाटे उठेन, वचन. इंजिन थंड असेल, किल्ली मी फिरवीन, पण स्क्रूड्रायव्हर खिळ्यावरच राहील. तुम्ही दारात उभे राहून नुसत्या कानांनी सांगायचं, काय बिघडलंय ते. चुकलात तर मी हसणार. त्यासाठीच एवढ्या लांबून येतोय.

ओ देत नव्हतात म्हणून जे काही बोललो, ते ऐकू आलं नसेल तर बरंच झालं. आलं असेल तर पुसून टाका.

कानांनी ऐकाल तेव्हा पहिली कटकट ताईची, दुसरी बढाई माझी, एवढा क्रम राहू द्या. लोभ आहेच, तो आता मोठ्याने बोलायची सवय करू.

सोबत पैसे पाठवतोय, इंजिनच्या टेबलावरचा पहिला पगार आहे हा, त्यात सुईणबाईंनी माझ्या खिशात कोंबलेलं बक्षीस मिळवलंय. त्यातून पंक्चरचं सामान घेतलंत तर याद राखा. सगळेच्या सगळे कानांसाठी. अठरा हजार चारशे.