अस्वल बसलं

१२ जाने.
गफूर चाचांनी आज पुन्हा तेच सांगितलं. संक्रांत झाली की नागपूरला, इम्रानकडे, कायमचं. इम्रान त्यांचा मुलगा, फोमच्या गाद्यांच्या दुकानात कामाला. "बाप कापूस पिंजते अन् बेटा स्पंज विकते, एका घरात जमन का?" असं म्हणून स्वतःच हसले. मला हसू आलं नाही. मी लग्न होऊन दिग्रसला आले तेव्हापासून माझ्या शिलाई मशीनच्या भिंतीपलीकडे त्यांचं पिंजण, ताणलेल्या तातीचं मोठं धनुष्य, वाजतं. खोळ मी शिवायची, कापूस पिंजून त्यांनी भरायचा. ती टंग टंग बंद झाल्यावर माझे पाय मशीनवर चालतील की नाही, कोण जाणे. गाद्याही कोण करून घेतंय आता. सगळ्यांना फोम पाहिजे.

१३ जाने.
आजची गंमत लिहायलाच हवी. दु. जंगलखात्याच्या मॅडम आल्या. तरुण आहे पोरगी, पुसदकडची. घाटावर अभयारण्याचं माहिती केंद्र आहे, तिथलं पेंढा भरलेलं जुनं अस्वल कसरीने खाल्लं. नवीन पाहिजे, कापडाचं, लेकरांना हात लावता येईल असं. फोटो दिला. आत फोम भरा म्हणाल्या.
भिंतीपलीकडून चाचा: "फोम? अस्वल हाय का सोफा?"
मॅडम हसल्या. म्हणाल्या, "मग तुमच्या मनानं भरा, चाचा."
चाचांचं जाणं अस्वल होईपर्यंत लांबलं. मी वरवर काही दाखवलं नाही, मनात उड्या मारल्या.
रात्री हे विचारतात, "माप घ्याले जंगलात जाशीन का आता?"

१६ जाने.
बाभुळगावहून माझ्या काकांनी दोन गाठोडी कवडी कापूस पाठवला. बोंडअळीने खाल्लेला, पिवळा. यंदा सगळीकडे हेच. व्यापारी हात लावत नाहीत. निरोप असा, "गादीत घाल, नाही तर चुलीत घाल."
चाचांनी मूठभर घेऊन चोळून पाहिला. "बाजाराले नाही चालत तो. अस्वलाले चालते. त्याले काय दाखवाले न्याचं हाय पोट?"
दिवसभर पिंजत होते. भुवया, मिशा, कान सगळं पांढरं. चहा दिला तर कपात कापूस उडाला, तसाच प्यायले.

१९ जाने.
माझी फजिती. काळ्या घोंगडीचं कापड बेतलं, शिवलं, चाचांनी ठासून भरलं आणि उभं केलं तर काय, मोठा लोड आणि त्याला चार तक्के. इतकी वर्षं गाद्या-उशाच शिवल्या, हाताला दुसरं येतच नाही. चाचांनी तर सवयीने पाठीवर गादीसारखे टाके घालून ठेवले होते.
"लग्नात नवरदेवाले टेकाले चांगलं हाय," हे म्हणाले.
उसवलं सगळं. पाठीचे टाके मात्र चाचा काढू देईनात. म्हणे टाके नसले तर कापूस एका जागी गोळा होते. राहू दिले.

२३ जाने.
आता अस्वल दिसतं. पोट जरा सुटलंय, खाऊन-पिऊन सुखी असल्यासारखं. नखं करवंटीची. छातीवर पांढरा इंग्रजी व्ही लावला. मॅडम बघायला आल्या, मान वाकडी करून बघितलं. मग म्हणाल्या, "ताई, हा डोंगर झाला."
कापड उलटं धरून शिवलं होतं मी.
चाचा: "अस्वलच उलटं टांगा ना मॅडम."
व्ही उसवून परत लावला. सं. भिंतीपलीकडे चाचांची पेटी आवरल्याचा आवाज आला. जेवण गेलं नाही.

२७ जाने.
मी आणि चाचा अस्वल घेऊन गेलो. पुसदपर्यंत एस.टी.ने. टपावर टाकायला चाचा तयार होईनात, म्हणून मागच्या बाकावर मधोमध बसवलं. कंडक्टर: "याचं तिकीट कोन काढन?" चाचा: "सीनिअर सिटिझन हाय." अख्खी गाडी हसली. पुढे जंगलखात्याची जीप.
केंद्र छान आहे. कौलारू, भोवती साग, खाली सगळी दरी. भिंतीवर नकाशे, काचेत शिंगं, पिसं, पायाचे ठसे आणि जिकडे तिकडे "हात लावू नये". आमचं अस्वल दाराजवळ ठेवलं. तेवढ्यात एका शाळेची सहल आली. नकाशा कोणी पाहिला नाही. सगळी लेकरं अस्वलावर. एकीने पोटावर डोकं टेकलं आणि झोपलीच, गुरुजींना उचलून न्यावी लागली.
चाचा नुसते बघत होते. डोळे भरले होते त्यांचे. माझेही. मला तिथेच म्हणावंसं वाटलं की नका जाऊ.
मॅडमनी विचारलं, किती टिकेल?
"टिकन ना. पन कापूस हाय, बसते. मंग उकलून पुन्हा पिंजा लागते."
"तेव्हा कोण करणार?"
चाचा अस्वलाच्या पाठीचे टाके चाचपत राहिले. येताना एस.टी.त मधली जागा रिकामीच ठेवली आम्ही.

१ फेब्रु.
गेले. इम्रान न्यायला आला होता. पेटी, बिछाना, तोटीचा बदना घेतला. पिंजण माझ्या भिंतीला टांगून गेले. "तिथं फ्लॅटात खिळा नाही ठोकू देत," म्हणाले. खिळ्याचं खरं की खोटं, विचारलं नाही.
मशीन चालतं. म्हणजे पाय चालतात.

२४ फेब्रु.
सकाळी मॅडमचा फोन. आवाजात काळजी. "ताई, अस्वल बसलं."
साल-दोन साल सोडा, महिनाही पुरता गेला नाही. सहलींवर सहली आल्या, सगळ्यांना त्याच्यावरच लोळायचं. पोट पार चपटं झालं. मॅडम म्हणाल्या, या वेळी फोम टाकू का?
मी म्हटलं, थांबा. इतका आनंद झाला की लाज वाटली.
चाचांना फोन लावला. मागे फोमच्या दुकानाचा गलका.
"चाचा, अस्वल बसलं."
गलका मागे पडला, बाहेर आले असावेत. मग, "पोट का पाठ?"
"पोट."
"पाठ नाही ना? टाके हायेत तिथं. मी काय म्हनलं होतं?"
"मॅडम फोम टाकते म्हणून राह्यली."
"काहून?" एकदम चिडले. मग जरा हळू, "पिंजणाची तात ढिली झाली असन. बदला लागन. तू हात नको लावू त्याले."
मागून कोणी हाक मारली, गिऱ्हाईक असेल. फोन ठेवला त्यांनी. येतो म्हणाले नाहीत. येत नाही असंही नाही म्हणाले.
दुपारी पिंजणावरची धूळ पुसली. पुसता पुसता तातीला बोट लागलं. खरं तर मीच लावलं. टंग.
आतून यांनी विचारलं, "आले का चाचा?"
म्हटलं, अजून नाही.