गाडीची चाकं लहान केली

बाबा, आज गाडीची चाकं बदलली. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तेवढ्या काळात माझ्या आणखी तीन गाड्या झाल्या आणि प्रत्येकीला मी हौसेने मोठी अलॉय चाकं लावली. आज पहिल्यांदाच लहान घेतली. शारजातला केरळी दुकानदार चक्रावलाच. "मॅडम, सब लोग सोलह का उन्नीस करते हैं. आप उल्टा?" मी म्हटलं, "कमर, भाई." खोटं कशाला बोलू, हे मी तुमच्या आठवणीने केलेलं नाही, माझाच मणका आता कुरकुरतो. त्याने साधी सोळा इंची चाकं काढली, त्यांवर जाड टायर चढवले, समोरासमोरचे नट आवळले आणि बजावलं, "पचास किलोमीटर चलाके आना, फिर से टाइट करेंगे. खलास!"

परतताना सकाळचं धुकं अजून उठलेलं नव्हतं. टॉवर अर्धेच दिसत होते, रस्ता पुढे पांढऱ्यात विरत होता, आणि गाडी इतकी अलगद चालली होती की चाकं जमिनीला लागतायत की नाही, कळेना. आणि मग तुम्ही शेजारी बसलेले आहात. मांडीवर डबा, गळ्यात कंपनीचं कार्ड. मी समोरच बघत गाडी चालवते, वळून बघितलं तर तुम्ही जाल असं वाटतं.

जबल अली बंदरावरच्या गोदामात खोकी उचलून तुमची कंबर गेली होती. कंपनीच्या बसचे दणके सोसवेनात, म्हणून तर मी पहिली गाडी घेतली. रोज तुम्हाला सोडून मागे मरीनातल्या ऑफिसला यायचे. दोनच महिन्यांत तिला एकोणीस इंची चाकं लावली, चकचकीत, वर पापडासारखे पातळ टायर. तुम्ही कमरेवर हात ठेवून बघत राहिलात. "अगं, चाकं आहेत की चांदीची ताटं? जेवायला वाढतेस का त्यात?"

"बाबा, प्लीज! दे लुक अमेझिंग."

"छान आहेत गं," तुम्ही लगेच म्हणालात.

आपल्या इंटरनॅशनल सिटीच्या वस्तीतून बाहेर पडेपर्यंत किती ते गतिरोधक! प्रत्येकावर त्या पातळ टायरांतून दणका थेट वर यायचा; तुम्ही दारावरची कडी धरायचात, श्वास रोखायचात आणि मग उगाच हवापाण्यावर बोलायचात. आठवड्याने म्हणालात, "उद्यापासून बसनेच जातो. आपली माणसं भेटतात, गप्पा होतात. तुलाही उगाच उशीर."

"शुअर?" मी विचारलं. तुम्ही मान हलवलीत. निवृत्त होईपर्यंत तुम्ही बसनेच गेलात, आणि मी ती चाकं दर शुक्रवारी टूथब्रशने घासत राहिले. आजही आईला मी हेच सांगते, की बाबांना बसमधल्या गप्पा आवडायच्या.

बाबा, मला तेव्हाच कळलं होतं. गाडीची मूळची चाकं आपल्या बाल्कनीतच पडून होती. तासाभराचं काम होतं.