टिकेशनं आणलेलं सोंग

पुणे, २० सप्टेंबर २००९

सौ. दुर्गेश्वरीस,

फौजेच्या दवाखान्यातून भुवनेश्वरचा राम राम. जेवण पचते, झोपही लागून राहिली. मायले तेवढंच सांगजो. धान निसवला काय, लोंब्या बाहेर पडल्या काय?

डॉक्टर म्हणते, सुरुंगानं आमची गाडी उडाली, ते भेव अंगात बसलं. हा आजार होय, भेकडपणा नाही. किती फौजींले होते. औषधानं अन् बोलल्यानं उतरते.

पण शेजारच्या टिकेशले मी सोडत नाही. फटाका वाजला अन् मी धानाच्या बांधीत पालथा पडलो, त्याचंच सोंग त्यानं मागच्या साली मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या नाटकात आणलं. सारं गाव हासलं. तूही तोंडाले पदर लावला होता. हासत होती का रडत, म्या अजून विचारलं नाही.

औंदा दिवाळीनंतर मंडईले मी येतो. दंडारीत मीच उभा राहीन. टिकेशले पहिल्या ओळीत बसवजो. गाडीत माह्या बाजूचे तिघं कसे गेले, ते एकेकाचं नाव घेऊन सांगीन. मंग फटाका त्याच्याच हातात देईन. फोड म्हणीन. मी पडीनही.

मंग हासून दाखव म्हणा.

तुहा,
भुवनेश्वर