करणारा अज्ञात

दि. ४ फेब्रुवारी

चि. ठिणगीस अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी एक कोडं घालतो. आमच्या संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर न्यायाधीशांची खुर्ची आहे. तिच्या पाटीवर न्यायाधीशांचं नाव, हुद्दा, कारकीर्द सगळं आहे; सुताराचं नाव मात्र नाही. आता तळमजल्यावर, मूळ रहिवाशांच्या दालनात ये. तिथल्या टोपल्यांवर, भाल्यांवर, जाळ्यांवर करणाऱ्याचं नाव नाही आणि वापरणाऱ्याचंही नाही. आहे ते फक्त जमातीचं. कोणत्याही संग्रहालयात जा, हेच दिसेल. असं का?

उत्तर सोपं आहे. वस्तू घेताना जे विचारलं जातं, तेच पाटीवर उतरतं. खुर्ची घेणाऱ्याने अदबीने विचारलं होतं की ही कोणाची. टोपली उचलणाऱ्याने कोणालाच काही विचारलं नाही. देशाचा सामाजिक इतिहास म्हणून आपण जे मिरवतो, त्यातला निम्मा असा न विचारलेल्या प्रश्नांचा आहे.

नवं दालन मी याच मुद्द्यावर उभं केलं आहे. वरचा मजला आणि तळमजला एकत्र आणले आहेत. मधोमध खुर्ची, आणि तिच्या नाकासमोर बाबांची होडी, धरणासाठी गाव उठवताना सरकारी माणसांनी नेली होती तीच. बाबा असते तर मिशीत हसले असते. उद्घाटनाला आईला घेऊन ये, आणि तुझ्या सवयीप्रमाणे भांडत न येता वेळेवर ये. लोभ आहेच, तो तेवढाच ठेवलास तरी चालेल.

तुझा,
दादा

दि. ११ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

कोर्टातून परतताना तुझं दालन पाहून आले. पहारेकऱ्याने काही न विचारता आत सोडलं. हे नाक साहेबांचंच, असं म्हणाला. नाकावरून तुझी बहीण ओळखणारा तो पहारेकरी हुशार. तू मात्र होडीवरून बाप ओळखत नाहीस. पाटीवर काय लिहिलं आहेस ते पुन्हा एकदा वाच: ‘नदीकाठच्या मूळ रहिवाशांची होडी. करणारा : अज्ञात.’

ज्याच्या खांद्यावर बसून तू शाळेत गेलास, तो अज्ञात? मग तुझ्या जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावापुढे काय लिहायचं तेही कळव, अर्ज मी तयार करते. फी घेणार नाही. न विचारलेल्या प्रश्नांवर मला प्रवचन देतोस, आणि ज्याचं उत्तर तुझ्या रक्तात आहे तो प्रश्न स्वतःला विचारत नाहीस!

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हे तुला माझ्याकडूनच कळलं होतं. तिला आता बारीक अक्षर दिसतं. ती पाटी वाचणार आहे. पाटी बदल, नाहीतर उद्घाटनाला आम्ही दोघी येणार नाही. होडी परत मागणारी नोटीस येईल. नमस्कार रीत म्हणून केला आहे, त्यावर जाऊ नकोस.

ठिणगी

दि. १७ फेब्रुवारी

चि. ठिणगीस अ. उ. आ.

रागावलीस की तुझं अक्षर सुधारतं. पत्र वाचताना त्रास झाला नाही.

आता शांतपणे ऐक. पाटीवर कोणाचंही नाव लिहायचं असेल तर कुटुंबाबाहेरचा पुरावा हवा, हा नियम मीच केलेला आहे. एका बड्या घराण्याने बाजारात घेतलेला पलंग सेनापतीचा म्हणून आमच्या गळ्यात मारला होता. साक्षीदार कोण, तर घरातलेच काका, मामा आणि जावई. तो पलंग मी बाहेर काढला. आज माझ्याच बापासाठी नियम वाकवला, तर उद्या तो पलंग वाजतगाजत परत येईल आणि मला दार उघडावं लागेल. बाप माझा आहे, तसा नियमही माझाच आहे.

मी स्वस्थ बसलेलो नाही. होडीचा कण न् कण पाहिला. तासणीचे घाव सुंदर आहेत, पण तसे घाव त्या नदीवर बरेच जण घालत. डाव्या काठावर एक झीज आहे, ती दोराची असावी असं आमचे दुरुस्ती करणारे म्हणतात. याखेरीज काही सापडलं, तर तुझ्याआधी मीच नाचेन. आईचा चष्मा नवीन केलास का ते लिही.

दादा

दि. २२ फेब्रुवारी

दादा,

मायना गाळला आहे, शोधत बसू नकोस.

दोराची झीज म्हणे! आईला पाण्याची भीती वाटायची. लग्न ठरल्यावर बाबांनी तिचा हात ओल्या मातीत दाबून घेतला आणि त्या मापाने काठावर खाच कोरली, पकडायला. त्या जागी दुसऱ्या कोणी बसायचं नाही. तू एकदा बसला होतास आणि तुझा कान लाल झाला होता. कान विसरला असेल, मी नाही.

आता वकील म्हणून विचारते. आई नात्यातली, म्हणून तिची साक्ष चालणार नाही, मान्य. पण हात साक्ष देत नाही, हात पुरावा असतो. माणूस खोटं बोलेल, बोटांची पेरं कशी बोलतील? आहे हिंमत तपासायची, की त्यासाठीही एखादा नियम करून ठेवला आहेस?

ठिणगी

दि. १ मार्च

चि. ठिणगीस,

आशीर्वाद आहेत, घे अथवा घेऊ नकोस.

तू परगावच्या खटल्यात होतीस, म्हणून आईला मीच जाऊन आणलं. तुझ्या परवानगीची वाट पाहिली नाही. त्याआधी खाचेत सगळ्यांचे हात घालून पाहिले होते: रंगारी, पहारेकरी, संचालकबाई, मी. कोणाचाही बसला नाही. उजवा तर शिरतच नाही, कारण अंगठ्याची जागा उलट्या बाजूला आहे.

आईची बोटं सांध्यांत सुजलेली आहेत. सुरुवातीला तिचाही हात आत जाईना. संचालकबाई माझ्याकडे पाहू लागल्या. मग आईने मनगट जरा कलतं केलं, आणि एकेक बोट आपापल्या जागी गेलं. डावा हात. ती रडली नाही. बाबांनी आयुष्यभर तिच्या हातात वल्हं दिलं नाही, नुसतं धरून बसायला लावलं, अशी तक्रार तिने थेट संचालकबाईंकडे केली. नंतर पाटी वाचली आणि मला विचारलं की हा अज्ञात कोण. मी पाटी उतरवली.

पाटी बदलली. खुर्चीवर बसणाऱ्याचं नाव असतं, म्हणून होडीवर आधी आईचं नाव आहे, आणि खाली करणाऱ्याचं. खाचेचे आणि होडीचे घाव एकाच हाताचे आहेत, असं दुरुस्ती करणाऱ्यांनी आता लिहून दिलं आहे; नियम मोडलेला नाही, याची नोंद घ्यावी.

दादा

दि. ६ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

पाटी पाहिली. शुद्धलेखन बरोबर आहे. बापाचं नाव लिहायला तुला आईचा हात लागला, हे मी विसरणार नाही आणि तुलाही विसरू देणार नाही. आईला न विचारता नेलंस, त्याबद्दल वेगळं भांडू. नोटीस मी फाडलेली नाही, कपाटात आहे. लोभ करायचा की नाही हे तुझ्या पुढच्या पाट्या वाचून ठरवेन.

ठिणगी

ता. क. पुरावे तपासायची इतकी हौस आहे, तर तुझ्या स्वयंपाकघरातलं जुनं उलथणं घे. त्याचा एक कोपरा झिजलेला असेल. ते रिकाम्या कढईत टेकव, एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या. ज्या हातात झिजलेली कड तळाला नीट टेकेल, तो हात तुला इतकी वर्षं जेवू घालतो आहे. कोणाचा, हे वहिनीला न विचारता सांगता आलं नाही, तर अज्ञात कोण ते मला कळव. पाटी मी लिहीन.