यादीतलं दुसरं नाव

चामराजपेट, बेंगळूरू
मंगळवार, १८ मार्च २०२५

चि. संहितास,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आईइतका नाही. बाल्कनीतल्या कढीपत्त्याला नवी पालवी फुटली आहे. माझं अक्षर पाहून दचकू नकोस. तू फ्रान्सला गेल्यापासून तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, फोनवरही "आईला देतो" यापलीकडे गेलो नाही. आता रिटायर माणसाला वेळ झालाय, असं समज.

तुला ठाऊक नसेल, पण तुमच्या फुटबॉल क्लबची वेबसाइट मी दर सोमवारी उघडतो. तेवीस मुलींची यादी मला तोंडपाठ आहे. आधी ती कामीय नावाची मुलगी, मग तू, मग बाकीच्या. फॅक्टरीत पस्तीस वर्षं सीनियॉरिटी लिस्ट वाचायची सवय. यादीत तुझं नाव दुसरं, म्हणजे संघात तू दुसरी, असं मी सरळ धरून चाललो. दूधवाल्यापासून देवळातल्या भटजींपर्यंत सगळ्यांना सांगून झालं, "आमची संहिता फ्रान्समध्ये दोन नंबरची खेळाडू आहे!" आई नुसती हसायची.

परवा रविवारी मैदानाजवळ नयना भेटली, तुझी जुनी कोच. केस पिकलेत, गळ्यातली शिट्टी तीच. तिलाही मी तेच ऐकवलं. तिनं माझ्या मोबाइलवर यादी पाहिली आणि हळूच म्हणाली, "अंकल, यादीत गोलकीपर नेहमी वरच असतात. हिच्या जर्सीवर सोळा नंबर आहे, तिकडे सोळा म्हणजे दुसरी गोलकीपर. पहिलीला काही लागलं, तरच हिला उतरवतात. बेंचवर बसायलाही स्वल्प धीर लागतो, अंकल."

मी "सरी, सरी" म्हणत होकारार्थी मान हलवली. घरी येऊन एकेका मॅचचा तपशील उघडला. या मोसमात तू एक मिनिटही खेळलेली नाहीस. आणि आईला दर आठवड्याला सांगतेस, "आम्ही जिंकलो," नाहीतर "आम्ही हरलो."

खरं म्हणजे पत्र इथेच संपवणार होतो. पेनला टोपणही लावलं होतं. पण नयनानं निघताना आणखी एक विचारलं. "सतराव्या वर्षी राज्याच्या कॅम्पला आली असती, तर आज ती पहिली असती. तिला तेव्हा खरंच नको होतं का, अंकल?"

तुझी निवड झाल्याचा तिचा फोन तेव्हा मीच घेतला होता. "पीयूसीची परीक्षा आहे, तिला इंटरेस्ट नाही," असं सांगून ठेवून दिला. तुला कळवलंच नाही. निवड झाली नाही असं समजून तू आठवडाभर धड जेवली नाहीस आणि मी समोर बसून म्हणालो, "सगळ्यांनाच जमत नाही, बाळ." तू ग्लोव्हज माळ्यावर टाकलेस, ते इंजिनिअरिंग संपल्यावरच काढलेस. मधली चार वर्षं मी गिळली. भीती होती, बाकी काही नाही. मुलगी मैदानात रमली तर पुढे तिचं काय होणार, एवढंच दिसत होतं.

आई सांगते, जूनमध्ये करार संपला की तू परत येणार, व्हाइटफील्डला नोकरी बघणार. "माझ्यात तेवढं नाहीच," असं म्हणालीस म्हणे. आईनं तुझ्या खोलीचे पडदे धुतलेसुद्धा. मलाही तू घरी हवी आहेस, फार हवी आहेस. पण त्या वाक्यावर विश्वास ठेवून येऊ नकोस. ते वाक्य तुझं नव्हे, मी तुझ्या ताटात वाढलेलं आहे. यायचं की राहायचं, ते हे सगळं कळल्यावर ठरव. रागावलीस तर रागाव. उत्तर नाही दिलंस तरी दर सोमवारी मी यादी बघणारच.

फॅक्टरीत माल तपासताना मी कारण लिहिल्याशिवाय एकही नग नाकारला नाही. नगाला चिठ्ठी बांधायची, तीवर काय चुकलं ते लिहायचं, खाली तपासणाऱ्यानं सही करायची. तुझी चिठ्ठी तेवढी कोरी राहिली. पोरीला नग म्हणतो म्हणून हसशील, पण मला हीच भाषा येते. नऊ वर्षांनी भरतोय.

नगात दोष नाही. चूक तपासणाऱ्याची.

सही,
पुरुषोत्तम
(तुझा बाबा)