गुलाबी तुकडा

सोमवार, ११ ऑगस्ट

पतसंस्थेत अखेर रिपोर्टिंगचं सॉफ्टवेअर आलं. एका बाजूने तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, आत टाकायची, दुसऱ्या बाजूने चार्ट बाहेर. चालवणार मी एकटा. बाकीच्यांना माऊस धरता येतो, एवढंच.

चेअरमन गोरखशेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "शैलेश, यंदा सर्वसाधारण सभेत पडद्यावर चार्ट दिसले पाहिजेत. सभा नीट पार पडली, की तुझी ऑर्डर काढतो." म्हणजे कायम नेमणूक. किती वर्षं हंगामी म्हणून राबतोय! आईला सांगितलं. ती म्हणाली, "मागच्या दिवाळीतही हेच बोलले होते." आईला चार्ट ही गोष्टच माहीत नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

माधुरीताई आमच्या अकाउंटंट. एम.कॉम. वार्षिक अहवालात खर्चाची सगळी खाती मुंगीएवढ्या टायपात छापतात आणि 'इंधन'ला दीर्घ ई देतात. दाखवलं, तर म्हणाल्या, "वाचतंय कोण, भाऊ?" ही शिकलेल्यांची वृत्ती. मी बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं ते उगाच नाही.

शिवाय आमचे सभासद! सभेला येतात ते भेटवस्तूसाठी. यंदा स्टीलचा डबा आहे. ठराव वाचला की मागून "मंजूर!" ओरडायचं, कूपन द्यायचं, डबा घेऊन घरी. गेल्या वर्षी एकाने ठराव वाचायच्या आधीच मंजूर करून टाकला. लाभांश सलग दोन वर्षं नाही, कोणी हूं की चूं केलं नाही. अशांपुढे चार्ट ठेवायचे.

संकल्प: रोज पहाटे उठून सॉफ्टवेअरचा अभ्यास.

बुधवार, २० ऑगस्ट

पहाटे उठणं प्रकृतीला मानवत नाही.

आज पहिला बार चार्ट. उत्पन्नाचे सगळे बार शून्याखाली वटवाघळांसारखे लोंबत होते. सॉफ्टवेअर जमेची रक्कम उणे धरतं. माधुरीताई जाता जाता म्हणाल्या, "चिन्ह उलटं कर." ते मला माहीत होतंच. कुठे करायचं, तेवढं माहीत नव्हतं.

त्यांनीच करून दिलं. माझ्या सूचनेनुसार.

मंगळवार, १६ सप्टेंबर

पाय चार्ट जमला! 'व्यवस्थापन खर्च'. गोल, थ्रीडी, बाजूने सावली. सगळ्यात मोठा तुकडा 'वाहन, इंधन व प्रवास'चा. त्याला गुलाबी रंग दिला आणि गोलातून जरा बाहेर ओढला, म्हणजे नजर आधी तिथेच जाते. 'कर्मचारी पगार'ला राखाडी. तो तुकडा अगदीच बारीक असल्याने चार्टचा समतोल बिघडतो, पण इलाज नाही.

सगळ्या नावांचे ऱ्हस्व-दीर्घ पुन्हा पुन्हा तपासले. निर्दोष.

माधुरीताईंनी चार्ट पाहिला. मग दार लोटून घेऊन हळूच म्हणाल्या, "भाऊ, हा नको दाखवू. ठेवींचा बार दाखव. नाहीतर तो गुलाबी तुकडा 'इतर खर्चा'त घाल."

मत्सर. दुसरं काय.

"आपल्या संस्थेच्या गाड्या किती, ठाऊक आहे ना तुला?"

म्हटलं, एकच. शेठ फिरवतात ती पांढरी.

"मग?"

मग काय? बाईंना साधा प्रश्न पूर्ण विचारता येत नाही आणि म्हणे एम.कॉम.

बुधवार, २४ सप्टेंबर

शेठना लॅपटॉपवर चार्ट दाखवला. ते गाडीत बसत होते, कानाला फोन. एक नजर टाकून म्हणाले, "रंग झकास आहे. मोठा करून लाव." माधुरीताईंना हे मुद्दाम ऐकवलं. त्यांनी कपाळाला हात लावला. हरलेल्या माणसाचं हे लक्षण.

पडदा मोठा मागवला.

रविवार, २८ सप्टेंबर

सभा.

सुरुवात नेहमीची. इतिवृत्त मंजूर. शेठ म्हणाले, "खर्च वाढल्याने यंदाही लाभांश देता येत नाही, सभासदांनी सहकार्य करावं." कोणीतरी झोपेतच मंजूर म्हटलं. मग माझा चार्ट. भिंतभर. मी लेझरचा लाल ठिपका गुलाबी तुकड्यावर धरून समजावायला लागलो की या प्रकाराला पाय चार्ट म्हणतात.

पहिल्या रांगेत हौसाबाई. करंज्याच्या बंदरावर मासळी सुकवतात, आमच्याकडे त्यांची ठेव आहे. मध्येच उठल्या. "पोरा, ह्यो गुलाबी कसला रं?"

वाचून दाखवलं. वाहन, इंधन व प्रवास.

"न ह्यो बारकासा?"

कर्मचारी पगार.

"म्हंजे समद्या पोरांचा पगार बोंबलाच्या शेपटीएवरा, न एका गारीचं डिझेल आक्खा मासा? गारी जाते कुठं, दुबईला?"

सभागृह हसलं. मग हसायचं थांबलं. मागून आवाज आला, "शेठ, आमचा लाभांश टाकीत वतला का?" डब्याच्या रांगेतले लोक रांग सोडून आत आले. हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. शेठ ओरडले, "बंद कर ते!" गडबडीत माझ्या हातून झूम झालं. सगळी भिंत गुलाबी.

हिशेब नामंजूर. चौकशीचा ठराव झाला आणि सभा तहकूब. डबे तसेच पडून.

चूक माझी नाही. आकाशी रंग घ्यायला हवा होता. गुलाबी रंग अडाणी माणसाला भडकवतो.

सोमवार, २९ सप्टेंबर

शेठनी घरी बोलावलं. वाटलं, ऑर्डर. बसायलाही सांगितलं नाही.

"किती घेतलंस?"

म्हटलं, काही नाही शेठ, सॉफ्टवेअरमध्ये तो चार्ट फुकटच येतो.

"अरे, विरोधकांकडून किती घेतलंस?" मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात मोठा करून लाव. त्यावर त्यांनी जो शब्द वापरला त्याचं लेखन मला येतं, पण लिहीत नाही.

उद्यापासून यायचं नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

हौसाबाई पत्ता विचारत घरी आल्या. सोबत सुकटीची पिशवी. आईला म्हणाल्या, "वाघ हाय तुजा पोर. चेअरमनच्या समोर त्याचीच चोरी दावली. आमच्यात कुनाची छाती झाली नाय!" आई रडली. तिला अभिमान वाटत होता, म्हणून मी काही बोललो नाही.

नंतर एकटा असताना चार्ट पुन्हा उघडून पाहिला. बराच वेळ पाहिला.

मग?

माधुरीताईंचा प्रश्न पूर्णच होता.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

कळंबोलीला लोखंडाच्या व्यापाऱ्याकडे मुलाखत. 'एमआयएस एक्झिक्युटिव्ह', म्हणजे रिपोर्ट आणि चार्ट बनवणारा, हवा अशी जाहिरात होती. प्रोजेक्टरसुद्धा लावलेला दिसला. माझं नाव ऐकताच व्यापारी परेशभाई खुर्चीतून उठले. "पनवेलचा तो चार्टवाला तूच काय?" हात हातात घेतला. चहा मागवला, वर खारी. म्हणाले, "तुझ्यासारख्या प्रामाणिक पोरांची समाजाला फार गरज आहे."

समाजाला म्हणाले.

मग माणूस बोलावून प्रोजेक्टरची वायर काढायला लावली. "आमच्याकडे तसं चार्टचं काही काम नसतं," म्हणाले, आणि मला फाटकापर्यंत सोडायला स्वतः आले.

वाटेत सांगावंसं वाटलं, परेशभाई, तो तुकडा कसला आहे ते मला खरंच कळलं नव्हतं. जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर कदाचित नोकरी मिळाली असती.

पण माणसाला स्वाभिमान असतो. खारी संपवली होती, नमस्कार केला आणि निघालो.